सागाची मोजणी करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ : डीट्रिख ब्रँडिस

भिलाई – येथील पोलाद कारखान्यात तयार होणारे रूळ देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचतात. १९६० पासून सुरू असलेल्या या उत्पादनामुळे भिलाईचे नाव भारतीय रेल्वेशी कायमचे जोडले गेले आहे. हे रूळ आज काँक्रीटच्या स्लीपरवर बसविले जातात. मात्र भिलाई आणि दुर्गवरून जाणारा नागपूर-आसनसोल लोहमार्ग १८९१ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला, तेव्हा देशातील बहुतेक रुळांखाली लाकूडच असे. हिमालयाच्या पायथ्यापासून बस्तरपर्यंत पसरलेला सालवृक्ष, दख्खनमधील साग आणि हिमालयातील देवदार हे या लाकडाचे मुख्य आधार होते. एका मैलाच्या मार्गाला दीड हजारांहून अधिक स्लीपर लागत आणि काही वर्षांतच ते बदलावे लागत. १८६० मध्ये देशात लोहमार्गाची लांबी दीड हजार किलोमीटरही नव्हती. १९१० पर्यंत ती पन्नास हजार किलोमीटरच्या पुढे गेली. हे लाकूड कोठून आणायचे आणि ते संपू नये यासाठी काय करायचे, हा प्रश्न ज्या अधिकाऱ्यापुढे प्रथम उभा राहिला ते होते डीट्रिख ब्रँडिस.

भारताच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक म्हणून त्यांची नोंद इतिहासात आहे. वनसंरक्षणाचा पाया घालणारे म्हणून त्यांचा गौरव होतो, तर आदिवासी आणि शेतकऱ्यांचे जंगलावरील हक्क ज्या कायद्याने आक्रसले त्याच्या कर्त्यांमध्येही त्यांचे नाव घेतले जाते. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे.

बॉन ते रंगून

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन येथे झाला. वडील ख्रिस्तियान ऑगुस्ट ब्रँडिस हे तत्त्वज्ञानाचे नामवंत प्राध्यापक होते. ग्रीसचे राजे ऑटो यांचे सल्लागार म्हणून ते काही काळ अथेन्सला गेले, त्यामुळे डीट्रिख यांच्या बालपणाचा काही भाग ग्रीसमध्ये व्यतीत झाला. कोपनहेगन, ग्यॉटिंगेन आणि बॉन येथे वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेऊन १८४९ मध्ये ते बॉन विद्यापीठात अध्यापन करू लागले. जंगलाच्या व्यवस्थापनाचे औपचारिक शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते. पुढे आयुष्यभर ज्या शास्त्रासाठी ते ओळखले गेले, ते त्यांनी प्रत्यक्ष कामातून आणि युरोपातील वनाधिकाऱ्यांशी चर्चा करून आत्मसात केले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

भारताशी त्यांचे नाते विवाहामुळे जुळले. सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या रेचेल यांच्याशी १८५४ मध्ये ते विवाहबद्ध झाले. रेचेल यांचे पहिले पती योआखिम फोइग्ट हे डॅनिश डॉक्टर आणि वनस्पतितज्ज्ञ होते. रेचेल यांची बहीण सेनाधिकारी हेन्री हॅवलॉक यांची पत्नी होती. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत पोहोचले.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य आणि त्याबरोबर छत्तीसगड १८५४ मध्ये खालसा करणारे हेच डलहौसी. त्यापूर्वी १८५२ च्या युद्धानंतर त्यांनी ब्रह्मदेशातील पेगू प्रांत इंग्रजी अमलाखाली आणला होता. पेगूतील सागवनांवर रंगून आणि मौलमीनच्या व्यापाऱ्यांचा डोळा होता. इंग्लंडमधील ओकची उपलब्धता घटली होती आणि जहाजबांधणीसाठी सागाला तोड नव्हती. सागाच्या लाकडातील तेलामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही सहसा गंजत नाहीत. मौलमीनच्या परिसरातील जंगले खुल्या व्यापारामुळे दोन-तीन दशकांत उजाड झाल्याचे उदाहरण समोर होते. ऑगस्ट १८५५ मध्ये डलहौसी यांनी पेगूतील साग सरकारची मालमत्ता असल्याचे जाहीर केले. या धोरणाच्या अंमलबजावणीसाठी ब्रँडिस यांची निवड झाली आणि जानेवारी १८५६ मध्ये त्यांनी पेगूच्या जंगलांची सूत्रे हाती घेतली.

बांबूच्या पट्ट्यांवरील हिशेब

ब्रँडिस यांच्यापुढील पहिला प्रश्न अत्यंत साधा होता. जंगलात साग किती आहे? हे कोणालाच ठाऊक नव्हते. संपूर्ण जंगलातील प्रत्येक झाड मोजणे अशक्य होते. त्यांनी वाट काढली ती अशी. जंगलातून जाणाऱ्या पायवाटा, डोंगराच्या धारा आणि ओढ्यांच्या काठाने ते हत्तीवर बसून किंवा पायी जात. वाटेच्या दोन्ही बाजूंना ठराविक अंतरापर्यंत दिसणारे सागाचे प्रत्येक झाड बुंध्याच्या घेरानुसार चारपैकी एका वर्गात टाकले जाई. सहा फूट किंवा त्याहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गात येत. पावसाळी दमट हवेत कागद टिकत नसे, म्हणून नोंदीसाठी बांबूच्या छोट्या पट्ट्यांवर खाचा पाडल्या जात. चाललेले अंतर आणि पाहणीच्या पट्ट्याची रुंदी यांवरून क्षेत्रफळ काढून त्यावरून संपूर्ण जंगलाचा अंदाज बांधण्यात येई. नमुना पाहणीची ही पद्धत उष्ण प्रदेशातील जंगलांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच वापरण्यात आली, असे मानले जाते.

मोजणीचा खरा उपयोग पुढे होता. दुसऱ्या वर्गातील झाड पहिल्या वर्गात येण्यास किती वर्षे लागतात, याचा अंदाज त्यांनी बांधला. तितक्या वर्षांत मिळून पहिल्या वर्गातील जेवढी झाडे आहेत तेवढीच तोडायची आणि प्रत्येक वर्षी त्यातील समान हिस्सा घ्यायचा, असा नियम त्यांनी घालून दिला. तोपर्यंत खालच्या वर्गातील झाडे वाढून वर आलेली असतील. मुद्दल न खर्चता व्याजावर जगण्याचा हा हिशेब आज सर्वांना परिचित वाटेल. १८५६ मध्ये मात्र तो व्यापाऱ्यांना मान्य नव्हता. सहा फुटांखालील झाडाला हात लावायचा नाही, ही अट त्यांना जाचक वाटली. कलकत्त्यापर्यंत तक्रारी गेल्या, वृत्तपत्रांतून टीका झाली. पेगूची जंगले खासगी तोडीसाठी खुली करण्याचा दबाव अनेक वर्षे कायम होता.

तोडीची स्थानिक रीतही ब्रँडिस यांनी बदलली नाही. साग ओला असताना पाण्यात बुडतो. त्यामुळे ब्रह्मदेशात बुंध्याभोवतीचे बाहेरचे ओले लाकूड वर्तुळाकार कापून झाड उभ्यानेच वाळू देत. दोन-तीन वर्षांनी ते तोडून हत्तींच्या साह्याने ओढ्यापर्यंत आणत आणि पुराच्या पाण्यावर सोडत. कोणते झाड वाळवायचे हे ठरविण्याचा अधिकार तेवढा ब्रँडिस यांनी ठेकेदारांकडून काढून वनखात्याकडे घेतला. किती झाडे कापली जाणार, हे त्यामुळे आपोआपच नियंत्रित झाले.

डोंगरात राहणारे कारेन लोक जंगलाचा तुकडा जाळून तेथे एक-दोन वर्षे भात घेत आणि नंतर पुढे सरकत. तौंग्या नावाने ओळखली जाणारी ही फिरती शेती सागाच्या मुळावर येते, असे वनाधिकाऱ्यांचे मत होते. ब्रँडिस यांनी तिच्यावर सरसकट बंदी घालण्याऐवजी कारेन शेतकऱ्यांना भाताबरोबरच सागाची रोपे लावण्यास सांगितले आणि जगलेल्या रोपांसाठी मोबदला देऊ केला. शेत सोडून लोक पुढे गेले की मागे सागाची लागवड उरे. तौंग्या पद्धत पुढे आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देशांनी स्वीकारली. या व्यवहारात कारेन लोकांच्या पदरात नेमके काय पडले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या जमिनीवर ते फिरून परत येत असत, ती सागाने व्यापल्यावर त्यांना परतण्यास जागा उरत नसे.

मध्य प्रांत आणि सालवने

१८६२ मध्ये भारत सरकारने ब्रँडिस यांना सल्ल्यासाठी बोलावून घेतले. १ एप्रिल १८६४ रोजी त्यांची पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. जंगलांच्या रक्षणाचे प्रयत्न त्यापूर्वीही सुरू होते. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन १८४७ पासून वनसंरक्षक होते आणि मद्रासमध्ये ह्यू क्लेगहॉर्न काम पाहत होते. मलबारातील निलांबूर येथे १८४० च्या दशकात सागाची लागवड झाली होती. या विखुरलेल्या प्रयत्नांना एका खात्याचे रूप देण्याचे काम ब्रँडिस यांच्याकडे आले.

नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आला होता. आजचे छत्तीसगड त्याचाच पूर्व भाग होते. प्रांताचे वनाधिकारी कॅप्टन पिअर्सन यांनी सातपुड्यातील बोरीच्या जंगलात वणवे रोखण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखविला. बोरी १८६५ मध्ये राखीव झाले. वणवा रोखणे शक्यच नाही असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे ब्रँडिस बोरीचे उदाहरण ठेवत. वणव्यापासून संपूर्ण संरक्षण मिळालेल्या काही भागांत साल आणि साग यांची नवी रोपे येईनाशी झाली, हे मात्र विसाव्या शतकाच्या प्रारंभी ध्यानात आले. तेव्हा वनाधिकाऱ्यांत या विषयावर मोठा वाद झाला.

मध्य भारताच्या जंगलांचे एक वैशिष्ट्य आहे. पश्चिमेकडे साग, पूर्वेकडे साल, आणि दोहोंच्या सीमेवर सरमिसळ. नागपूरहून रायपूरच्या दिशेने आणि तेथून दक्षिणेला बस्तरकडे जाताना हा पालट जाणवतो. छत्तीसगडमध्ये सालाला सरई म्हणतात आणि तो या राज्याचा राज्यवृक्ष आहे. सालाचे बी पावसाच्या तोंडावर पिकते आणि गळाल्यावर काही दिवसांतच रुजावे लागते. ते साठविता येत नाही. कोवळे रोप वर्षानुवर्षे वरून वाळत राहते आणि मुळाशी बळ धरत राहते. पुरेसे बळ आल्यावरच ते उंच वाढू लागते. अशा झाडाची लागवड करणे कठीण, म्हणून असलेले सालवन राखणे हाच सोपा मार्ग. जे. लिंडसे स्ट्युअर्ट यांनी सुरू केलेला वायव्य व मध्य भारतातील वनवृक्षांवरील ग्रंथ त्यांच्या निधनामुळे अपुरा राहिला होता. ब्रँडिस यांनी तो पूर्ण करून १८७४ मध्ये प्रसिद्ध केला. साल, साग, बीजा, ऐन, धावडा, तेंदू, मोह अशा वृक्षांचे शास्त्रीय वर्णन त्यात एकत्र आले.

प्रशिक्षित माणसांशिवाय खाते चालणार नाही, हे ओळखून त्यांनी १८६६ मध्ये विल्हेल्म श्लिख आणि बर्टहोल्ड रिबेनट्रॉप या जर्मन वनाधिकाऱ्यांना भारतात आणले. दोघेही पुढे वनमहानिरीक्षक झाले. इंग्रज उमेदवारांना फ्रान्स आणि जर्मनीत शिक्षणासाठी पाठविण्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ हे नियतकालिक आणि १८७८ मध्ये देहरादून येथील वनविद्यालय सुरू झाले. नियतकालिक आजही प्रसिद्ध होते.

जंगल कोणाचे?

ब्रँडिस यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त प्रकरण म्हणजे १८७८ चा वन कायदा. १८६५ च्या पहिल्या कायद्यात सरकारचे अधिकार मर्यादित होते. नवा कायदा कसा असावा, यावर खात्यातच तीव्र मतभेद होते. पंजाबातील अधिकारी बेडन-पॉवेल यांच्या मते गावकऱ्यांचा जंगलातील वापर ही केवळ राज्यकर्त्यांनी दिलेली सवलत होती आणि ती काढून घेण्याचा सरकारला पूर्ण अधिकार होता. दुसऱ्या टोकाला मद्रास सरकार होते. गावाभोवतालच्या जंगलावर गावकऱ्यांचा परंपरेने हक्क आहे, असे त्याचे म्हणणे होते.

ब्रँडिस या दोहोंच्या मध्ये उभे होते. महत्त्वाची जंगले सरकारने राखावीत, उर्वरित जंगल गावांच्या ताब्यात द्यावे आणि तेथे सरपण, चराई व शेतीसाठी लागणारे लाकूड गावकऱ्यांनी स्वतःच सांभाळावे, अशी त्यांची भूमिका होती. फ्रान्स आणि जर्मनीतील गावांच्या मालकीची जंगले त्यांनी पाहिली होती. कायद्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार आले. त्यातील तिसरा प्रकार ब्रँडिस यांच्या आग्रहाचा विषय होता. पुढील काळात राखीव जंगलांचे क्षेत्र वाढत गेले, ग्रामवनाचे कलम मात्र जवळजवळ कागदावरच राहिले. स्लीपरची मागणी वाढत असताना जंगल गावाकडे सोपविण्यास कोणता अधिकारी राजी होणार होता?

महाराष्ट्रातून या कायद्याला विरोध झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने विधेयकावर आक्षेप घेतले. धाकदपटशापेक्षा गावकऱ्यांवर विश्वास टाकूनच झाडे वाचतील, असे सभेचे प्रतिपादन होते. ते ब्रँडिस यांच्या स्वतःच्या मतापासून फारसे दूर नव्हते, ही गोष्ट आज विशेष वाटते. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्याने गायराने आणि डोंगर ताब्यात घेतल्याने शेतकऱ्यांच्या गुराढोरांवर कोसळलेल्या संकटाची नोंद केली. हा ग्रंथ १८८३ मध्ये लिहून झाला. ब्रँडिस त्याच वर्षी भारतातून निवृत्त झाले.

छत्तीसगड आणि त्याच्या सीमेवरील डोंगराळ भागात या धोरणाचे पडसाद दीर्घकाळ उमटले. मैकल डोंगरातील बैगा समाजाच्या बेवर या फिरत्या शेतीवर बंधने आली आणि १८९० मध्ये ती ठराविक गावांच्या एका पट्ट्यापुरती सीमित करण्यात आली. हा पट्टा बैगाचक नावाने ओळखला जातो. कारेन लोकांना लागवडीत सामील करून घेणारी ब्रँडिस यांची रीत येथे आली नाही. बस्तर संस्थानात जंगले राखीव करण्याच्या हालचालींमुळे असंतोष धुमसत राहिला आणि १९१० मध्ये गुंडा धूर यांच्या नेतृत्वाखालील भूमकाल उठावात तो उफाळून आला. स्वतंत्र भारतात १९७० च्या दशकात बस्तरमधील सालवनांच्या जागी विदेशी पाइन लावण्याची योजना पुढे आली, तेव्हाही मोठा विरोध होऊन ती सोडून द्यावी लागली. मोह, तेंदू, चारोळी आणि सालबी यांवर वर्षाचे कित्येक महिने ज्यांचे घर चालते, त्यांच्या दृष्टीने एकाच जातीच्या झाडांचे जंगल हे जंगलच नव्हते.

गावांच्या ताब्यातील जंगलाचा विचार कायद्यात ठळकपणे परतला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते.

देवराया आणि अखेरचा ग्रंथ

निवृत्तीनंतर ब्रँडिस बॉनला परतले, पण भारतीय जंगलांचा विषय त्यांनी सोडला नाही. भारतातील लोकांच्या स्वतःच्या वनरक्षणाच्या परंपरांवर त्यांनी लिहिले. कूर्गमधील देवरकाडू, खासी टेकड्यांतील राखलेली राने आणि देशाच्या इतर भागांत त्यांना आढळलेल्या देवराया यांची त्यांनी नोंद घेतली. अशा रानांची संख्या पूर्वी बरीच मोठी असावी, असे त्यांचे निरीक्षण होते. सह्याद्रीतील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हा ब्रँडिस यांच्या या लेखनाला नवे महत्त्व आले.

ब्रिटिश सरकारने १८८७ मध्ये त्यांना सर हा किताब दिला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते १८७५ पासून सदस्य होते. वनशास्त्र शिकण्यासाठी युरोपात आलेले अमेरिकी तरुण गिफर्ड पिंशो त्यांना बॉनमध्ये भेटले. ब्रँडिस यांच्या सल्ल्यावरून पिंशो फ्रान्समधील नान्सी येथे शिकण्यास गेले आणि १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख झाले. पेगूतील बांबूच्या पट्ट्यांचा हिशेब अशा रीतीने अमेरिकेपर्यंत पोहोचला.

उतारवयात ते पुन्हा वनस्पतिशास्त्राकडे वळले. साल ज्या कुलात मोडतो त्या डिप्टेरोकार्प वृक्षांवर त्यांचा प्रबंध १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतापासून बोर्निओपर्यंतच्या उष्ण प्रदेशातील अनेक उंच व कठीण लाकडाचे वृक्ष याच कुलातील आहेत. त्यानंतर पंच्याहत्तरीच्या सुमारास त्यांनी भारतातील सर्व वृक्ष, झुडपे, वेली, बांबू आणि ताड-माड यांचे वर्णन करणारा ग्रंथ हाती घेतला. त्यासाठी लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिसंग्रहात त्यांनी दीर्घकाळ काम केले. ‘इंडियन ट्रीज’ या नावाने तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात चार हजारांहून अधिक जातींचा समावेश होता. तरुणपणी हत्तीवर बसून ज्यांनी केवळ साग मोजला, त्यांच्या या ग्रंथात वनखात्याच्या हिशेबी कवडीमोल ठरलेल्या झुडपांना आणि वेलींनाही स्थान मिळाले. खात्याच्या कार्ययोजनांत यातील अनेक वेली झाडांची वाढ रोखतात म्हणून कापून टाकण्याच्या यादीत असत.

देहरादूनची वनसंशोधन संस्था त्याच वर्षी, १९०६ मध्ये स्थापन झाली. पुढील वर्षी, २८ मे १९०७ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी बॉन येथे ब्रँडिस यांचे निधन झाले.